डग्ग्याच्या बोलाआधीच घुमारा येतोय? लिनिअर फेज ईक्यू तपासा

तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. रेकॉर्डिंग स्वच्छ आहे, वादक तयारीचा आहे, मिक्सही बरा बसलाय. पण डग्ग्याच्या प्रत्येक ‘घे’च्या आधी काहीतरी हलकंसं फुगतं. हेडफोनवर जास्त जाणवतं, लहान स्पीकरवर कमी. कंप्रेसर काढून पाहिला, रिव्हर्ब बंद केला, एडिटचे सगळे क्रॉसफेड तपासले, तरी आहेच. कंटाळून तो बोल दुसऱ्या टेकमधून उचलून आणला तर तिथेही तेच. पुढच्या गाण्याला वादक वेगळा, खोली वेगळी, माइकसुद्धा वेगळे, आणि फुगवटा मात्र तोच.

प्रत्येक गाण्यात तोच दोष येत असेल तर रेकॉर्डिंगला बोल लावू नका, आधी टेम्प्लेट (नव्या प्रोजेक्टचा तयार साचा) उघडा. ‘लिनिअर फेज म्हणजे जास्त पारदर्शक’ हे कुठेतरी वाचून कुणीतरी ईक्यूचा (इक्वलायझर, आवाजातल्या खर्ज-टीपेचं प्रमाण बदलणारं प्लगइन) तो मोड चालू केलेला असतो, डीफॉल्ट म्हणून सेव्ह केलेला असतो, आणि तेव्हापासून तो प्रत्येक नव्या प्रोजेक्टमध्ये आपोआप येऊन बसतो. प्लगइनच्या खिडकीत खाली एका कोपऱ्यात दोन शब्द लिहिलेले असतात, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

याच मोडमुळे होणाऱ्या आणखी दोन-तीन तक्रारी आहेत आणि त्या वरवर अगदी वेगळ्या दिसतात: गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येणं, एखादा ट्रॅक बाकीच्यांच्या मागे पडणं, सेशन उगाच जड होणं. पहिल्या दोन्हींकडे पुढे येतोच. आधी फुगवटा.

खात्री कशी करायची

कानावर सोडू नका, डोळ्यांनी बघा. डग्ग्याचा असा एक ‘घे’ शोधा की ज्याच्या आधी निदान अर्धा सेकंद शांतता आहे. तिहाई संपल्यानंतरची जागा किंवा टेकची पहिली सम बरी पडते. तेवढाच तुकडा दोनदा बाउन्स करा (फाइल म्हणून काढा), एकदा ईक्यू जसा आहे तसा ठेवून आणि एकदा त्याच सेटिंगवर मोड फक्त ‘झिरो लेटन्सी’ (उशीर न करणारा) किंवा ‘मिनिमम फेज’ करून. दोन्ही फाइली एकाखाली एक ठेवा, बोलाची सुरुवात जुळवून घ्या आणि उभ्या दिशेने भरपूर झूम करा, कारण शोधायची गोष्ट बोलाच्या पातळीपेक्षा खूप खाली असते.

समजा ईक्यूवर ४० हर्ट्झला ४८ डीबी प्रति सप्तक असा तीव्र हाय-पास आहे, म्हणजे ४० हर्ट्झखालचा आवाज झपाट्याने कापणारा फिल्टर. मिनिमम फेजच्या फाइलमध्ये बोलाच्या डावीकडे सपाट रेघ दिसेल, फार तर खोलीचा आवाज. लिनिअर फेजच्या फाइलमध्ये त्याच जागी लांबट लाटा दिसतील, बोलाकडे येता येता मोठ्या होत जाणाऱ्या. लाटेच्या दोन शिखरांमधलं अंतर मोजा. ४० हर्ट्झच्या एका आवर्तनाला २५ मिलिसेकंद लागतात. अंतर त्याच्या आसपास निघालं तर चोर सापडला. वादकाचा हात पुडीवर टेकल्याचा किंवा सरकल्याचा आवाज असता तर तो दोन्ही फाइलींमध्ये दिसला असता आणि इतक्या नेमक्या अंतराने आला नसता.

याला प्री-रिंगिंग म्हणतात. आवाज होण्याआधी त्याचा घुमारा.

असं होतं का

कोणताही फिल्टर आवाजाला काळात थोडा पसरवतोच. पट्टा जितका अरुंद, उतार जितका तीव्र आणि फ्रीक्वेन्सी जितकी खालची, तितका पसारा जास्त. यातून सुटका नाही, हे गणितच आहे. प्रश्न फक्त हा की तो पसारा ठेवायचा कुठे.

मिनिमम फेज ईक्यू, म्हणजे जुन्या ॲनालॉग कन्सोलचा आणि आजच्या बहुतेक साध्या प्लगइनचा, तो सगळा पसारा आघाताच्या नंतर टाकतो. त्याची किंमत अशी की वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सी वेगवेगळ्या प्रमाणात उशिरा पोचतात, त्यांची फेज, म्हणजे लाटेची वर-खाली होण्याची वेळ, एकमेकींच्या तुलनेत सरकते. लिनिअर फेज ईक्यू सगळ्या फ्रीक्वेन्सींना सारखाच उशीर करतो, त्यामुळे फेजचं आपसातलं नातं जसंच्या तसं राहतं. पण त्यासाठी त्याचा पसारा आघाताच्या दोन्ही बाजूंना सारखा असावा लागतो, आरशात पाहिल्यासारखा. निम्मा पुढे, निम्मा मागे. आघाताच्या आधीचा भाग वाजवायचा तर प्लगइनला पुढे काय येणार ते आधीच माहीत हवं, आणि ते माहीत होण्याचा मार्ग एकच: सगळा आवाज रोखून धरायचा आणि उशिरा सोडायचा. लेटन्सी येते ती इथून.

आता कानाची बाजू. मोठ्या आवाजानंतर आलेला बारीक आवाज झाकला जातो, आणि हे झाकणं शंभर-दोनशे मिलिसेकंद टिकू शकतं. मोठ्या आवाजाच्या आधी आलेला बारीक आवाज मात्र जेमतेम काही मिलिसेकंदांपुरताच झाकला जातो. ४० हर्ट्झच्या एकाच लाटेला २५ मिलिसेकंद लागत असतील तर ती झाकली जाण्याची आशा सोडा. नंतरचा पसारा डग्ग्याच्या स्वतःच्या गुंजनात मिसळून जातो. आधीचा पसारा उघड्यावर पडतो.

यावरून हेही कळतं की ही तक्रार नेहमी खालच्या पट्टीतलीच का असते. ८ किलोहर्ट्झला रुंद शेल्फने (तिथून वरचं सगळं एकत्र उचलणाऱ्या बँडने) २ डीबी उचललं तर पसारा एका मिलिसेकंदाच्याही आत संपतो. तिथे लिनिअर आणि मिनिमममधला फरक आंधळ्या चाचणीत ओळखून दाखवा, मी तुम्हाला जेवू घालीन. तसंच तानपुरा, हार्मोनियम, बासरी, आलापी. जिथे आघातच टोकदार नाही तिथे आघाताआधीचं काही ऐकू येण्याचा प्रश्न फारसा येत नाही. म्हणून लिनिअर फेज मोड गाण्याभर फिरत राहतो, कुणाला खटकत नाही, आणि डग्गा, पखवाज, किक ड्रम, ढोलकीची खर्जाची बाजू यांच्यापाशी येऊन पकडला जातो.

तबल्याच्या बाबतीत एक वेगळा मोह असतो. शाईमुळे तबल्याचे उपस्वर जवळपास पूर्णांकी पटीत येतात, सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं होतं. म्हणजे तबला नेमक्या सुरात बोलतो, आणि काळी एकला लावलेला तबला ॲनालायझरवर २७७ हर्ट्झला सुळकाच दाखवतो. तो सुळका दिसला की हात शिवशिवतात: अरुंद पट्टा घ्यावा आणि नेमका तोच सूर उचलावा किंवा दाबावा. क्यू (पट्टा किती अरुंद ते सांगणारा आकडा) १० ठेवला तर पट्ट्याची रुंदी सुमारे २८ हर्ट्झ होते आणि त्याचा घुमारा दहा-बारा मिलिसेकंदांत एक-तृतीयांशाच्या आसपास उतरतो. मिनिमम फेजमध्ये हा तबल्याच्या आसमध्ये विरून जातो. लिनिअर फेजमध्ये प्रत्येक बोलाच्या आधी त्याच सुराची पुसट चाहूल लागते आणि बोलाची धार बोथट होते. तक्रार येते ती ‘तबला मऊ वाटतोय’ अशी. मग कुणीतरी ट्रान्झियंट शेपर (आघाताची धार वाढवणारं प्लगइन) लावतो. एका प्लगइनने केलेलं दुसऱ्याने निस्तरायचं, असं सुरू होतं.

उपाय

एकट्या माइकवरच्या, आघाती वाद्याच्या ट्रॅकवर उपाय एका क्लिकचा आहे: मोड झिरो लेटन्सी करा. फॅबफिल्टर प्रो-क्यू या ईक्यू प्लगइनमध्ये ‘नॅचरल फेज’ हा मधला पर्यायही आहे, तोही चालेल. लॉजिक या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये लिनिअर फेज ईक्यू आणि चॅनल ईक्यू अशी दोन वेगळी प्लगइन आहेत, पण त्यांचे बँड सारखेच असल्यामुळे एकातली सेटिंग दुसऱ्यात जशीच्या तशी नेता येते. नव्याने काही लावायला नको. रीपरमध्ये रीआफिर वापरत असाल तर तो मुळातच एफएफटीवर (आवाजाचे तुकडे करून त्यांवर गणित करण्याच्या पद्धतीवर) चालणारा आहे, त्याऐवजी रीईक्यू घ्या. क्युबेसच्या फ्रीक्वेन्सी ईक्यूमध्ये लिनिअर फेज प्रत्येक बँडला वेगळा चालू-बंद होतो, त्यामुळे एखादाच खालचा बँड तसा राहून गेलेला असू शकतो. आठही बँड उघडून बघा.

एवढ्याने ८–१० वर्षं जुन्या टेम्प्लेटचंही निम्मं दुखणं जातं. पण ‘मी मुद्दाम लावलाय, दोन माइकची फेज बिघडू नये म्हणून’ असं उत्तर आलं तर थोडं थांबून बोलावं लागतं, कारण त्या माणसाचं म्हणणं पूर्ण चूक नसतं.

तबल्याला एक माइक, डग्ग्याला एक माइक. तबल्याच्या माइकमध्ये डग्गाही थोडा शिरतोच. आता फक्त तबल्याच्या माइकवर ८० हर्ट्झला २४ डीबीचा साधा हाय-पास लावला, तर त्या माइकमध्ये शिरलेल्या डग्ग्याची फेज ८० हर्ट्झपाशी १८० अंश फिरते आणि डग्ग्याच्या स्वतःच्या माइकशी भांडू लागते. खर्ज थोडा बारीक होतो. इथे लिनिअर फेज लावला तर भांडण टळतं हे खरं. पण मग त्या शिरलेल्या डग्ग्यालाच प्री-रिंगिंग चिकटतं.

त्यापेक्षा सोपी वाट आहे. दोन्ही माइक एका बसवर (त्यांना एकत्र करणाऱ्या चॅनलवर) न्या आणि साधा ईक्यू बसवर लावा. दोघांची फेज सारखीच फिरते, म्हणून आपसात काही बिघडत नाही. फेजचा त्रास होतो तो दोन ट्रॅकमधल्या फरकामुळे. दोघांनाही सारखंच फिरवलं तर कानाला त्याचं काही नसतं. माइकवर वेगळं काही करायचंच असेल तर तीव्र हाय-पासऐवजी सौम्य लो-शेल्फने खालचा भाग उतरवा. आणि पोलॅरिटीचं (लाट उलटी करणारं) बटण दाबून दोन्ही बाजूंनी ऐकायला विसरू नका, त्याला एक सेकंद लागतो आणि ते फुकट आहे.

याच जागी एक गैरसमज इतका घट्ट बसलाय की तो वेगळा सांगावा लागतो. लिनिअर फेज ईक्यू रेकॉर्डिंगमधला आधीचा फेजचा दोष दुरुस्त करत नाही. दोन माइकमध्ये ३५ सेंटिमीटरचं अंतर असेल तर आवाजाला ते ओलांडायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. दोन्ही माइकमध्ये तोच आवाज सारख्या पातळीवर आला तर ५०० हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा पडणार. ईक्यू कोणत्याही मोडमध्ये ठेवा, तो खड्डा तिथेच राहतो. लिनिअर फेज एवढंच म्हणतो की मी माझ्याकडून नवा फरक घालणार नाही. आधीच्या फरकावर इलाज म्हणजे माइकची जागा बदलणं, किंवा नंतर एक ट्रॅक सॅम्पलच्या हिशोबाने सरकवणं.

पॅरलल ट्रॅकचं गणित

इथे मात्र आकडे स्वतः एकदा करून बघावेत असे आहेत. पॅरलल कंप्रेशनसाठी (मूळ आवाजात त्याचीच कंप्रेस केलेली प्रत मिसळण्यासाठी) तालवाद्यांच्या बसची प्रत काढली, खर्जामुळे कंप्रेसर पंप होऊ नये म्हणून प्रतीवर १०० हर्ट्झला २४ डीबीचा हाय-पास लावला, आणि प्रत मूळ आवाजाइतक्याच पातळीवर मिसळली. कटऑफला फिल्टरमधून ०.७ पट आवाज येतो, पण १८० अंश उलटा होऊन. एकातून ०.७ वजा केले की उरतात ०.३, म्हणजे १०० हर्ट्झपाशी सुमारे साडेदहा डीबीचा खड्डा. कंप्रेसर अजून चालूसुद्धा केलेला नाही. ‘पॅरलल लावला की डग्गा पोकळ होतो’ ही तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते.

हाच हाय-पास लिनिअर फेज केला तर ०.७ वजा होण्याऐवजी मिळवले जातात आणि तिथे साडेचार डीबीची वाढ होते. खड्डा गेला, ट्रॅक भरला, सगळे खूश. आणि दोन दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात येतं की डग्ग्याच्या आधी काहीतरी फुगतंय.

मधला मार्ग १२ डीबीच्या साध्या हाय-पासचा. त्यात कटऑफला फेज ९० अंशच फिरते, खड्डा पडत नाही, उलट पावणेदोन डीबीची किरकोळ वाढ होते. पण सगळ्यात चांगला मार्ग असा की आवाजाला हातच लावू नका. कंप्रेसरच्या साइडचेनमध्ये (किती दाबायचं हे तो जे ऐकून ठरवतो त्या वाटेत) हाय-पास असतो, तो लावा. कंप्रेसरला खर्ज ऐकू जात नाही, म्हणून तो पंप होत नाही, आणि आवाजाची फेज जिथल्या तिथे राहते.

उशीर, आणि मागे पडलेला ट्रॅक

प्रो-क्यू ३ मध्ये लिनिअर फेजच्या पायऱ्या आहेत आणि ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल) प्रत्येकीचा उशीर ठरलेला आहे: ‘लो’वर ३,०७२ सॅम्पल, मीडियमवर ५,१२०, हायवर ९,२१६, व्हेरी हायवर १७,४०८, आणि मॅक्सिममवर ६६,५६०. मिलिसेकंदांत सांगायचं तर लो सुमारे ७०, मीडियम ११६, आणि मॅक्सिमम दीड सेकंदाच्याही किंचित वर. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चौपटीतला एक बोल १२५ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे मीडियमवर ईक्यू ठेवून वादकाला हेडफोन दिले तर त्याला स्वतःचा बोल जवळजवळ पुढच्या बोलाच्या जागी ऐकू येणार. त्याने ते वाजवून दाखवलं तर त्याचा सत्कार करा. पण रेकॉर्डिंग होणार नाही.

प्लेबॅकला हे कळत नाही, कारण सॉफ्टवेअर बाकीचे ट्रॅक तेवढेच मागे ओढून सगळ्यांना एका रेषेत आणतं. समोर बसून गाणाऱ्या माणसाला मात्र मागे ओढता येत नाही. म्हणून ‘मिक्स ऐकताना सगळं ठीक, रेकॉर्ड करायला बसलं की उशीर’ असं लक्षण दिसलं तर बफर साइजशी खेळत बसण्याआधी मास्टर बसवरचा लिनिअर फेज ईक्यू बंद करा. अर्ध्या मिक्सनंतर एखादी ओळ परत गाऊन घ्यायची असते तेव्हा हे हटकून होतं, कारण तोवर मास्टरवर सगळं लावून झालेलं असतं. लॉजिकचा लो लेटन्सी मोड किंवा क्युबेसचं ‘कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन’ चालू केलं तर जास्त उशीर करणारी प्लगइन तात्पुरती बाजूला होतात आणि काम भागतं. ओळ गाऊन झाली की ते परत बंद करायचं, नाहीतर मिक्स बदलल्यासारखा वाटेल आणि तुम्ही भलतीकडे शोधत बसाल.

ट्रॅकच मागे पडत असेल, तोही प्लेबॅकला, तर सॉफ्टवेअर बाकीचे ट्रॅक मागे ओढून जी भरपाई करतं तिची मर्यादा ओलांडली गेली आहे. प्रो टूल्समध्ये ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झला ही मर्यादा १६,३८३ सॅम्पलची. वरचे आकडे परत बघा: व्हेरी हायवरचा एकटा ईक्यू १७,४०८. एकाच प्लगइनने मर्यादा संपली. मिक्सरमध्ये त्या ट्रॅकच्या खालचा डिलेचा आकडा लाल झालेला दिसेल. तो दाखवणारी पट्टी बरेच जण जागा वाचवायला बंद ठेवतात, ती उघडा. रीपरमध्ये एफएक्सच्या खिडकीत खालच्या पट्टीवर सॅम्पलचा आकडा दिसतोच. एकाच ट्रॅकवर लिनिअर फेजची दोन-तीन प्लगइन एकामागोमाग असतील तर उशीर बेरजेने वाढतो आणि घुमारेही एकमेकांवर चढतात. सगळे बँड एकाच प्लगइनमध्ये आणा.

भरपाई खरंच होतेय का, हे तपासायचं असेल तर ट्रॅकची प्रत काढा, प्रतीवर एकही बँड न लावता लिनिअर फेज मोडमधला ईक्यू ठेवा, आणि एकाची पोलॅरिटी उलटी करा. दोन्ही मिळून पूर्ण शांतता झाली तर भरपाई ठीक आहे. पोकळ, कंगव्यासारखा आवाज उरला तर नाही.

उशीर कमी करायला मोड ‘लो’वर आणला तर आणखी एक गोष्ट घडते. लहान फिल्टरला खालच्या फ्रीक्वेन्सी नीट वेगळ्या ओळखता येत नाहीत. ४,०९६ सॅम्पलचा फिल्टर ४४.१ किलोहर्ट्झला साधारण ११ हर्ट्झच्या टप्प्यांतच विचार करू शकतो. ३० हर्ट्झला तुम्ही काढलेला सुबक, अरुंद खड्डा प्रत्यक्षात उथळ आणि पसरट होतो. पडद्यावरच्या रेषेवर विसंबू नका, व्हाइट नॉइज सोडून पुढे ॲनालायझर लावा.

घरघर काढताना

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, अर्थिंग बऱ्याच ठिकाणी देवाच्या भरवशावर, म्हणून ५०, १०० आणि १५० हर्ट्झला अरुंद नॉच (तेवढीच फ्रीक्वेन्सी काढणारा खड्डा) लावणं हे नेहमीचं काम. हेच काम लिनिअर फेजमध्ये सगळ्यात जास्त अंगलट येतं. ५० हर्ट्झला क्यू ३० म्हणजे पट्टा दीड-पावणेदोन हर्ट्झचा. इतका अरुंद नॉच डग्ग्याच्या एका बोलाने हलला की सुमारे दोन दशांश सेकंद घुमत राहतो, आणि लिनिअर फेजमध्ये तेवढाच आधीही. डग्ग्याची ताकद नेमकी शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असते, त्यामुळे त्याच्याइतका या नॉचला हलवणारा दुसरा कुणी नाही. मोड ‘लो’वर ठेवून बघितलं तर घुमारा कमी होतो, पण वरच्याच कारणाने नॉच उथळ होतो आणि घरघर उरते.

नॉच नेहमी मिनिमम फेजमध्ये लावा. त्याहून बरं म्हणजे घरघर ज्या ट्रॅकवर आहे तिथेच काढा, बसवर किंवा मास्टरवर नको. तानपुऱ्याच्या पिकअपची घरघर काढायला डग्ग्याला नॉचमधून नेण्याचं कारण नाही. आणि पुढच्या रेकॉर्डिंगच्या आधी एखाद्या चांगल्या इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघून घ्या. कुठल्याही प्लगइनपेक्षा ते स्वस्त पडतं.

मग हा मोड ठेवायचा तरी कुठे

मास्टरिंगमध्ये, आणि तिथेही मुख्यतः मिड-साइड ईक्यूला (स्टिरिओचा मधला भाग आणि कडेचा भाग वेगवेगळा हाताळणाऱ्या). खर्ज मधोमध आणण्यासाठी साइडवर लो-कट लावतात. साधा १२ डीबीचा हाय-पास फक्त साइडवर १५० हर्ट्झला लावला तर एक सप्तक वर, ३०० हर्ट्झला, पातळी जवळजवळ पूर्ववत झालेली असते पण साइडची फेज अजून ४३ अंश फिरलेली असते. मिड आणि साइड परत डावं-उजवं झाले की पूर्ण डावीकडे ठेवलेलं वाद्य त्या पट्टीत उजवीकडूनही ऐकू येतं, डावीकडच्यापेक्षा जेमतेम आठ डीबी खाली. स्टिरिओ चित्र फिस्कटतं आणि का फिस्कटलं ते ईक्यूच्या रेषेत दिसत नाही. लिनिअर फेजमध्ये ही गळती नावापुरतीच उरते. मल्टिबँडमध्ये आवाजाचे तुकडे करून परत जोडतानाही तेच. स्वित्झर्लंडच्या वाइसने आपल्या ईक्यू१ या मास्टरिंगच्या यंत्राची एलपी (लिनिअर फेज) नावाची वेगळी आवृत्ती काढली ती अशाच कामांसाठी; तालवाद्याच्या एका माइकवर बसवायला नव्हे.

मास्टरवरही उतार सौम्य ठेवा. २० किंवा ३० हर्ट्झला ‘सफाईसाठी’ म्हणून ४८ डीबीचा लिनिअर कट लावण्याची सवय पाहायला मिळते. त्या जागी बहुतेक वेळा काढण्यासारखं काही नसतंच, आणि लावल्याचा घुमारा मात्र गाण्यातल्या प्रत्येक खर्जाच्या आघाताआधी येतो. १२ डीबीचा साधा कट पुरतो. तो लावल्यावर पीक मीटर थोडं वर गेलं तर दचकू नका: फेज सरकली की लाटांची शिखरं वेगळ्या जागी जमतात, आवाज मोठा झालेला नसतो. लिमिटर ईक्यूच्या नंतर ठेवा.

बाउन्स करताना गाणं अगदी शून्यावर सुरू होत असेल तर पुढे अर्धा-एक सेकंद मोकळा सोडा. लिनिअर फेज चालू असताना पहिल्या समेच्या आधीचा पसारा तिथे कापला गेला तर फाइल ‘टक्’ करून सुरू होते.

दोष आधीच फाइलमध्ये असेल तर

कधीकधी ईक्यू तुमचा नसतोच. दुसऱ्या स्टुडिओतून स्टेम्स (वाद्यगटांच्या वेगवेगळ्या तयार फाइली) येतात आणि घुमारा त्यांतच छापून आलेला असतो; फ्रीझ करून मूळ ट्रॅक टाकून दिलेल्या जुन्या प्रोजेक्टचीही तीच गत. वर सांगितलेली चाचणी करून मोड बदलल्यावरही लाटा तशाच राहिल्या तर ही शक्यता धरा आणि आधी कच्चे ट्रॅक मागा. फोनवर नुसतं ‘आवाज बरोबर नाही’ म्हणू नका, झूम केलेल्या वेव्हफॉर्मचं चित्र पाठवा. समोरच्यालाही स्वतःच्या टेम्प्लेटमध्ये काय आहे ते तेव्हाच कळतं.

कच्चे ट्रॅक नसतीलच, तर जिथे बोलाआधी खरी शांतता आहे तेवढ्या जागी बोलाच्या सुरुवातीपर्यंत क्लिप कापा आणि दोन-तीन मिलिसेकंदांचा फेड-इन द्या. विलंबित लयीत किंवा ठेक्याच्या मोकळ्या जागांत हे दहा मिनिटांचं काम आहे. लुकअहेड (पुढचा आवाज आधी बघण्याची सोय) असलेला एक्स्पांडर (ठरलेल्या पातळीखालचा आवाज आणखी खाली नेणारा) खालच्या पट्ट्यापुरता लावला तर तेही बरंचसं साधतं. थ्रेशोल्ड लाटांच्या वर आणि सगळ्यात हलक्या ‘घे’च्या खाली बसवायचा. द्रुत लयीत दोन बोलांमध्ये जागाच नसते. तिथे आधीच्या बोलाची आस घुमाऱ्याला बऱ्यापैकी झाकते, त्यामुळे तो भाग तसाच सोडून मोकळ्या जागांवर वेळ घालवा.